ऐंशीच्या काट्यावरची थरथर

माझी सगळी नोकरी संशय घेण्यात गेली आणि त्याचाच मला पगार मिळत होता. महाळुंग्याच्या एका कंपनीत मी इनकमिंग तपासणीला होतो. म्हणजे बाहेरून सप्लायरचा माल आला की तो चांगला असेल असं समजायचं नाही. वाईटच आहे असं धरायचं आणि मापं तपासायचे गेज लावत बसायचं. सप्लायरची माणसं चहा पाजायला बघायची. मी तो चहा प्यायचो नाही, हे का पाजतायत याचाच विचार करत राहायचो. निवृत्त झालो तेव्हा गेज कंपनीत राहिले आणि स्वभाव माझ्याबरोबर घरी आला. बायको म्हणते, भाजीवाल्यानं चार काड्या कोथिंबीर जास्त घातली तरी तुमच्या मनात पाल चुकचुकते. खरं आहे. पण त्यानं जास्त का घातली असेल?

त्यामुळे दसऱ्यानंतरच्या रविवारी गाडीचं स्टिअरिंग माझ्या हातात थरथरायला लागलं, तेव्हा बिघाड हा शब्द माझ्या डोक्यात आलाच नाही. कुणीतरी काहीतरी केलंय, एवढंच आलं.

आम्ही निगडीत राहतो. मुलगी समोरच्याच बिल्डिंगमध्ये. ती हिंजवडीला नोकरीला जाते, कंपनीची कॅब येते न्यायला; गाडी चालवता तिलाही येत नाही आणि बायकोलाही. जावई कंपनीच्याच कामासाठी परदेशात असतात. नात पहिलीत आहे. दर रविवारी सकाळी तिला तळेगावला स्केटिंगच्या क्लासला न्यायचं आणि परत आणायचं, हे काम माझं. निगडीत स्केटिंगचे क्लास नाहीत अशातला भाग नाही. पण इथल्या शिक्षकांचं लक्ष मोबाइलमध्ये असतं असं मुलीचं मत पडलं. मुलगी कुणावर गेलीय ते सांगायला नको.

आठवडाभर मी त्या रविवारची वाट बघायचो. जाताना नात मागच्या सीटवर बसून शाळेतल्या सगळ्यांच्या चहाड्या सांगायची आणि मी त्यातल्या कोणत्या खऱ्या ते उलटतपासणी करून शोधायचो. दोघांनाही फार मजा यायची.

त्या रविवारी देहूरोड मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला, काटा सत्तरच्या पुढे सरकला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. ऐंशीला तर माझी बोटं, मनगटं, घड्याळाचा पट्टा, सगळं हलायला लागलं. नव्वदच्या जवळ गेलो तर कमी. पुन्हा ऐंशीवर आलो तर पुन्हा सुरू. साठला आणलं तर काही नाही, गाडी एकदम शहाणी. मागून नातीनं मान पुढे काढली.

"आजोबा, तुम्हाला थंडी वाजतेय का? तुमचे हात बघा कसे करतायत."

मी म्हटलं, "रस्ता खराब आहे गं." रस्ता नुकताच नवा केलेला होता.

आमच्या खात्यात एक शिस्त होती. कालपर्यंत चांगला येणारा माल आज बिघडला, तर पहिला प्रश्न विचारायचा, मधल्या काळात काय बदललं? मी गाडी चालवता चालवता तोच विचार केला. आधीच्या रविवारी गाडी ठीक होती. मध्ये काय झालं? खंडेनवमी आणि दसरा. गाडी कुठे गेली नाही, कुणाला दिली नाही, पार्किंगमध्ये उभी होती. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, तिकडे नांगर-कुळव पुजायचे. इथे पाटावर माझा मायक्रोमीटर, पाने, पकड, बायकोची विळी, कात्री, मुलीचा लॅपटॉप, असं सगळं असतं. गाडी बायकोनं स्वतः घासली. सोसायटीत गाड्या धुणारा माणूस आहे, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही, आणि माझ्या धुण्यावर बायकोचा नाही. मग हार, नारळ, चाकाखाली लिंबू. पाटावरच्या एकूण एक वस्तूला, अगदी बारीकसारीक तुकड्यांनासुद्धा, मी हळदकुंकू लावलं. यात गाडी बिघडण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. म्हणजे कारण पूजेच्या आधीचं असणार, आणि आधीचं म्हणजे टायरवाला.

दोन महिन्यांपूर्वी मी स्पाइन रोडच्या एका चकाचक दुकानात नवे टायर टाकून घेतले होते. तिथे गिऱ्हाइकाला काचेच्या खोलीत बसवतात, कॉफी देतात आणि गाडी आत नेतात. आत काय करतात ते काचेतून अर्धंच दिसतं. मला तेव्हाच ते खटकलं होतं. सोमवारी सकाळी मी तिथे जाऊन उभा राहिलो.

टाय लावलेल्या पोरानं गाडीकडे न बघताच सांगितलं, "सर, बॅलन्सिंग करावं लागेल, अलाइनमेंट पण. आणि शॉकअप एकदा चेक करून घेऊ."

मी म्हटलं, "बॅलन्सिंग तर दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच केलंय. पुन्हा कशाला?"

"सर, कधीकधी जातं."

"जातं म्हणजे कुठे जातं?"

तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायला लागला. माझी खात्री झाली. एकच काम दोनदा विकायचा प्रकार होता हा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अलाइनमेंट म्हणजे चारही चाकं सरळ आहेत की वाकडी बघतायत ते तपासणं. बॅलन्सिंग म्हणजे चाक फिरताना एका बाजूला जड पडतंय का ते बघून हलक्या बाजूला वजन लावणं. मी अलाइनमेंट करून घेतलं, कारण तेवढं स्क्रीनवर माझ्या डोळ्यांसमोर दिसत होतं. बॅलन्सिंगला साफ नकार दिला आणि आपण कसे फसलो नाही या आनंदात बाहेर पडलो. देहूरोडपर्यंत जाऊन बघितलं. ऐंशीला स्टिअरिंग जसं थरथरत होतं तसंच थरथरलं. मला वाटलं, अलाइनमेंट पण खोटंच केलं लेकाच्यांनी.

पुढच्या रविवारी मुलगी म्हणाली, "मी पण येते." ती पुढे, माझ्या शेजारी बसली. मला बरं वाटलं. वाटेत तिला मजा दाखवावी म्हणून मी म्हटलं, आता बघ हं, ऐंशीला काय होतं ते. काटा ऐंशीला आला. स्टिअरिंग थरथरायला लागलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती स्टिअरिंगकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

"जाणवतंय ना?" मी विचारलं.

"काय जाणवायचं, बाबा?"

"ही थरथर."

तिनं सीटवर तळहात टेकवून बघितला. मग म्हणाली, "मला तर काही जाणवत नाही. सीट वगैरे सगळं शांत आहे. तुमचेच हात..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. माझा थोरला भाऊ गावी कंपवातानं गेला. सुरुवात अशीच झाली होती. आधी विडी पेटवताना काडी हलायची, आम्ही हसायचो. शेवटी त्याला पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेता येत नव्हता. मुलगी लहान असताना सुट्टीत त्याच्याकडे राहायची. तिनं ते सगळं बघितलंय.

घरी आल्यावर मायलेकींची स्वयंपाकघरात हळू आवाजात चर्चा सुरू झाली. माझे कान तिखट आहेत. बायको सांगत होती, "परवा मला पण वाटलं गं. चहा देताना बशी वाजली त्यांची." बशी वाजली कारण तिला मध्ये टवका गेलाय आणि कप तिच्यात नीट बसत नाही. पण हे मी आत जाऊन सांगितलं असतं तर ते सारवासारव केल्यासारखं दिसलं असतं, म्हणून बाहेरच बसून राहिलो.

संध्याकाळी मुलीनं डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतल्याचं सांगितलं. पुढच्या महिन्यातली मिळाली होती. आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, तोपर्यंत तिला क्लासला कॅबनं पाठवू. आई जाईल बरोबर. तुम्ही हायवेला गाडी नका काढू."

मी म्हटलं, "गाडीत दोष आहे."

ती म्हणाली, "असेल ना. पण मला रिस्क नाही घ्यायची."

तिचं काही चुकत होतं असं नाही. एवढ्याशा पोरीला गाडीत बसवायचं आहे, शंका असेल तर बसवू नये. मी तिच्या जागी असतो तर आधीच्याच रविवारी किल्ली काढून घेतली असती. तरीही मला इतकं लागलं की त्या रात्री जेवण गेलं नाही. आयुष्यभर मी लोकांच्या मालावर नापासाची लाल चिकटपट्टी लावत आलो. आता तीच मला लागली होती.

पुढच्या रविवारी कॅब आली. नात खिडकीतून हात हलवत गेली. मी गॅलरीत उभा होतो. कॅबवाल्याचे मागचे टायर गुळगुळीत झालेले मला वरून दिसत होते. त्याच्या हातांकडे कुणी बघितलं नव्हतं.

मग मी साक्षीदार आणायचं ठरवलं. खालच्या मजल्यावर एक तरुण शेजारी आहे, त्याला गाड्यांतलं कळतं असं तो स्वतः सांगतो. त्याला म्हटलं, जरा चालवून बघ. तो तयार झाला. आम्ही स्पाइन रोडला गेलो. तिथे सिग्नल, गतिरोधक, रिक्षा, म्हशी, सगळं. त्यानं पन्नासच्या वर काटा नेलाच नाही. मी म्हणतोय, हायवेला घे, हायवेला घे. तो म्हणाला, "काका, ऑफिसचा कॉल आहे मला." आणि गाडी परत आणली. वर येऊन बायकोसमोर म्हणाला, "काकू, गाडी एकदम मस्त आहे. काही प्रॉब्लेम नाही." माझ्याच साक्षीदारानं माझी केस बुडवली. बायकोनं त्याला लाडू दिला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुसऱ्यावर संशय घेण्यात एक प्रकारची मजा असते, हे मी कबूल करतो. स्वतःवर घ्यायला लागलो की मजा जाते. मी बाथरूममध्ये आरशासमोर दोन्ही हात पुढे करून उभा राहायचो. हलतायत का? नाही. मग जरा निरखून बघितलं की वाटायचं, हलतायत. पेपर हातात धरला की तो फडफडायचा. पंखा बंद करून धरला तरी थोडा हलायचा. कुणाच्याही हातात हलेल, पण मला तेव्हा सुचायचं नाही. मी चहा दोन्ही हातांनी प्यायला लागलो. बायको ते बघायची आणि बघितलंच नाही असं दाखवायची. मी पाणी मागायचं टाळायला लागलो. रात्री भावाचा तो पेला डोळ्यांसमोर यायचा. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो.

एका दुपारी मी असाच पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो होतो. गाडी बंद. हात स्टिअरिंगवर. हात शांत होते. आणि मला एकदम माझं खातं आठवलं. दोन गेजांत वाद झाला, एक म्हणतंय माल चांगला, दुसरं म्हणतंय वाईट, तर आम्ही काय करायचो? माल तोच ठेवून गेज बदलायचो, आणि मग उलटं. दोष कुणाबरोबर जातो ते बघायचं. तो गेजबरोबर गेला तर गेज खराब, मालाबरोबर गेला तर माल खराब. पुढच्या चाकाचं असंतुलन हातात येतं, स्टिअरिंगला. मागच्या चाकाचं सीटला आणि पायाखाली येतं. मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकली तर? दोष माझ्या हातात असेल तर हात तसेच थरथरतील. आणि चाकात असेल तर थरथर माझ्या हातातून निघून सीटमध्ये जाईल. जो कुणी गाडीत बसेल त्याला ती कळेल, त्यासाठी माझ्या हातांकडे बघायची गरज नाही.

हे मला पंधरा दिवस का सुचलं नाही याचा मला राग आला. लगेच गाडी काढली, देहूवरून हळूहळू महाळुंग्याला गेलो. कंपनीच्या रस्त्यावर एक टायरवाला आहे. गावचाच माणूस, जमीन एमआयडीसीत गेल्यावर त्यानं दुकान टाकलं. माझा त्याच्यावर विश्वास होता असं नाही, पण त्याच्या दुकानाला काच नाही, शेडमध्ये सगळं उघड्यावर चालतं.

मी म्हटलं, "पुढची चाकं मागे टाका, मागची पुढे. बाकी कशाला हात लावायचा नाही."

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बॅलन्सिंग न्हाई करायचं?"

"नाही."

"निस्तीच चाकं बदलायची?"

"नुसतीच."

"काका, तुमी कंपनीतनं आलाय काय? काय तपासायला वगैरे?"

म्हटलं, रिटायर झालोय. ते त्याला पटलेलं दिसलं नाही. चाकं बदलेपर्यंत तो माझ्यावर नजर ठेवून होता आणि मी त्याच्यावर. नट समोरासमोरचे आवळतोय ना, ते मी बघत होतो. मी का बघतोय, ते तो बघत होता.

घरी येताना मी ऐंशीला गेलो नाही. मुद्दाम. एकट्यानं बघून काय उपयोग? आणि खरं कारण हे, की माझी हिंमत झाली नाही. हात तसेच थरथरले असते तर एकट्यानं ते बघायची माझी तयारी नव्हती.

शनिवारी मुलीला सुट्टी होती. मी तिच्या घरी गेलो आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. म्हटलं, "एकदा माझ्याबरोबर चल. शेवटचं समज. मागे बस. माझ्याकडे बघू नकोस, बाहेर बघ. त्यानंतर ही किल्ली तुझ्याकडे ठेवायची की नाही ते तूच ठरव." ती चप्पल घालून आली.

देहूरोड गेलं. रस्ता मोकळा झाला. साठ, पासष्ट, सत्तर. माझ्या पाठीला घाम आला होता. पंचाहत्तर. मी स्टिअरिंग घट्ट धरलं, मग वाटलं घट्ट धरलं तर ती पण फसवणूक होईल, म्हणून सैल केलं. ऐंशी. स्टिअरिंग गप्प होतं. हात गप्प होते. आणि माझ्या बुडाखाली, सीटमध्ये, बारीक गुणगुण सुरू झाली होती.

मी वाट बघितली.

मागून आवाज आला, "बाबा, ही सीट का थरथरतेय?"

"जास्त आहे का?"

"खूप आहे. पाय पण हलतायत माझे. दरवाजा पण वाजतोय. काय झालं गाडीला?"

मी हसायला लागलो. हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, म्हणून गाडी बाजूला घेतली. तिला सगळं समजावून सांगितलं. चाकं कशी बदलली, का बदलली. ती आधी ऐकत राहिली, मग पुढे झुकून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणजे तेव्हाही चाकच होतं?" म्हणाली. मी म्हटलं, चाकच होतं.

आम्ही तसेच पुढे तळेगाव, इंदोरी करत महाळुंग्याला गेलो. टायरवाल्यानं मला बघून कपाळाला आठी घातली. मी म्हटलं, "आता बॅलन्सिंग करायचं. आता मागे आहेत ती दोन." त्यानं चाक उतरवलं, आतल्या बाजूनं फिरवून बघितलं आणि म्हणाला, "ह्ये कुनी केलं?"

अलॉय चाकाच्या आतल्या बाजूला धातू सगळीकडे मळकट होता. फक्त एक बोटभर रुंदीचा पट्टा लख्ख होता आणि त्याच्या कडेला चिकटाचे धागे राहिले होते. दुसऱ्या चाकाला पण तसंच.

"हितं वजनं व्हती. कुनीतरी खरवडून काढल्यात. आपोआप पडली न्हाईत ही."

माझा संशय त्या क्षणी असा काही उफाळून आला की काय सांगू. कुणी काढली असतील? स्पाइन रोडवाल्यांनी, पुन्हा गिऱ्हाईक यावं म्हणून? गाड्या धुणाऱ्यानं, मी त्याला काम देत नाही म्हणून? त्या लाडू खाऊन गेलेल्या शेजाऱ्यानं? मी मुलीला म्हटलं, सोसायटीचा सीसीटीव्ही बघायला हवा. ती पण म्हणाली, हो, बघायलाच हवा. रक्त एकच आहे.

टायरवाल्यानं आमच्याकडे लक्ष दिलं नाही. चाक मशीनवर चढवलं, फिरवलं, आकडा बघितला आणि डब्यातून नव्या वजनांची पट्टी काढली. करडे, छोटे, चौकोनी तुकडे, एकाला एक लागून.

मी त्या पट्टीकडे बघत राहिलो. मुलगीही बघत राहिली. मग ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, हे तर पाटावर होते."

होते. मायक्रोमीटर आणि पकड यांच्या मध्ये, ओळीनं मांडलेले. बायकोनं गाडी घासताना आऱ्यांमधून हात घालून, उलथण्यानं, जळलेलं पातेलं खरवडतात तसं चाकाला चिकटलेलं काळंबेरं खरवडून काढलं होतं. खालून निघाले धातूचे तुकडे. खंडेनवमीला लोखंड टाकायचं नाही, म्हणून तिनं ते धुऊन, पुसून पाटावर ठेवले. पुढची दोन चाकं झाली तोवर नैवेद्याची वेळ झाली, म्हणून मागची वाचली. आणि मी काय केलं? मला वाटलं असतील तिच्या मिक्सरचे काहीतरी. आयुष्यात जगातल्या सगळ्या वस्तूंवर मी संशय घेतला, आणि ज्यांच्यावर घ्यायचा त्यांना कुंकू लावून नमस्कार केला.

मुलगी हसून हसून शेडच्या खांबाला टेकली. टायरवाल्याला सांगितल्यावर तो हसला नाही. गंभीरपणे म्हणाला, "पूजा केली न्हवं? मग वाया न्हाई गेलं."

मशीनवर शून्य आलं. मी म्हटलं, चाक मशीनवर नीट बसलंय का तेही बघू; सोडा, अर्धं फिरवा, परत आवळा आणि पुन्हा बघा. त्यानं सुस्कारा सोडला, पण केलं. पाच ग्रॅम दाखवले. बघा, म्हटलं. त्यानं चाकाची बैठक ब्रशनं घासली, गंज पुसला, पुन्हा बसवलं, वजन थोडं सरकवलं. मग दोन्हीकडून शून्य आलं. दुसऱ्या चाकाचंही मी तसंच करून घेतलं. "काका," तो म्हणाला, "तुमच्या हाताखाली ज्यांनी काम केलं त्यांचे लई हाल झाले असतील." मी म्हटलं, झाले.

घरी बायकोला सांगितलं. ती क्षणभर गोरीमोरी झाली आणि मग लगेच सावरून म्हणाली, "मग चाकावर असं चिकटवून ठेवतात हे मला कोण सांगणार? आणि ती चाकं किती घाण होती ते तुम्ही बघितलंत का?" तिनं दुसऱ्या बशीत चहा आणून दिला, टवका न गेलेल्या. मी एका हातानं प्यायलो.

मुलीनं विचारलं, डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द करू का? मी म्हटलं, राहू दे. तपासणीनं कुणाचं नुकसान होत नाही, हे मीच लोकांना सांगत आलोय.

रविवारी सकाळी नात स्केट्सची पिशवी घेऊन खाली आली. मागून मुलगी आली. मागे नातीचा पट्टा लावला आणि स्वतः पुढचा दरवाजा उघडून माझ्या शेजारी बसली.

"मी पण येते," ती म्हणाली. "घरी बसून तरी काय करू?"

घरी तिला करायला डोंगराएवढी कामं होती. मला सगळं कळलं. मालाचा एखादा लॉट परत गेला की सप्लायर सुधारला तरी पुढचे काही लॉट आम्ही जास्तच कडक तपासायचो. तोच नियम होता हा. मी गाडी काढली.

देहूरोडपर्यंत तिची नजर माझ्या हातांवर होती. चोरून बघत होती, पण चोरून बघणारे मी खूप बघितलेत. रस्ता मोकळा झाला. सत्तर झाले. ऐंशी झाले. स्टिअरिंग शांत, सीट शांत. नात मागून तिच्या वर्गातल्या कुणीतरी कुणाचा डबा खाल्ला ते सांगत होती. मी म्हटलं, खाल्ला याला पुरावा काय? तिनं तीन पुरावे दिले. त्यातला एक बरा होता.

सोमाटण्याच्या अलीकडे मला जाणवलं की शेजारून काहीच आवाज येत नाही. बघितलं, तर मुलीचे डोळे मिटलेले. मला लगेच शंका आली. झोपल्याचं सोंग करतेय ही. बाबांना बरं वाटावं, विश्वास आहे असं दिसावं म्हणून. मी थोडा वेळ अंदाज घेतला. तिची मान हळूहळू काचेकडे कलली, तोंड उघडं पडलं आणि ती बारीक घोरायला लागली. लहानपणी घोरायची तशीच. असलं सोंग कुणाला जमत नाही.

"आजोबा, आई झोपली?"

"हळू बोल," मी म्हटलं.

आमच्या खात्यात तपासणीवरचा माणूस झोपलेला सापडला तर त्याच दिवशी त्याच्या हातात मेमो पडायचा. मी कुणालाही सोडलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. पुसायला एक हात काढावा लागला असता, म्हणून पुसले नाहीत, आणि दोन्ही हातांनी गाडी चालवत राहिलो.